उंबऱ्याचा डोह

रंगूबाई मूळची माणदेशातली. म्हसवडच्या पलीकडं, जिथं उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या वाळूत झिरा खणायचा आणि पाझरेल तसं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं, तिथं तिचं लहानपण गेलं. पाणी साठेपर्यंत घागरीला टेकून डुलकी काढायची, हीच तिथल्या पोरींची झोप. त्यामुळं लग्न होऊन ती आसणवाडीला आली आणि भर चैत्रात नवऱ्यानं तिला शिवणी नदीचा डोह दाखवला, तेव्हा ती काठावरच थबकली. पाय पाण्यात घालीना.

"घाल की पाय. मगर न्हाई त्यात," नवरा म्हणाला.

"एवढं पानी बाटवू व्हय?"

नवऱ्यानं ही गोष्ट वाडीभर केली आणि पुढं वर्षभर बायका तिला "पानी बाटंल हां रंगू" म्हणून चिडवत राहिल्या. तिला कधी राग आला नाही. ती रोज पहाटे डोहावर जायची, घागर बुडवायची आणि ती एका दमात भरताना जो आवाज येई तो ऐकून मनाशी हसायची.

आसणवाडी शिराळ्याच्या पश्चिमेला. खालगावापर्यंत बैलगाडीचा रस्ता होता. तिथून पुढं डोंगर एकमेकांच्या अंगावर आलेले, आणि त्यांच्या मधून शिवणी. वाडीला यायचं तर रानातली चढती पायवाट; करवंदीच्या जाळ्यांतून अंग चोरत, एकामागं एक चालावं लागे. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या गोट्यांवरूनही येता येई. वाडीच्या जरा खाली नदीत एक आडवा कातळ होता, ह्या काठापासून त्या काठापर्यंत, घराच्या उंबऱ्यासारखा. म्हणून त्याला उंबराच म्हणत. त्या उंबऱ्यानं पाणी अडवून धरलं होतं. नदी सगळीकडं आटली तरी त्याच्या मागचा डोह भरलेला राही, आणि मृगापर्यंत वाडीची माणसं, गुरं, वरच्या रानातले गवे आणि सांबरं, सगळी त्याच पाण्यावर जगत. काठावर देवराई होती. डोहातले मासे देवराईतल्या देवीचे. त्यांना गळ लावायचा नाही, जाळं टाकायचं नाही. हाताएवढाले मासे बायकांच्या पायाशी येऊन भाताची शितं खात.

नवरा पटकीच्या साथीत गेला तेव्हा अर्जुना मांडीएवढा होता. रंगूबाईनं नाचणीचं रान कसलं, हिरडा गोळा करून विकला, आणि पोरगा वाढवला. तो मोठा झाला आणि लढाई लागली. कराडला भरती चालू होती. वाडीतली पोरं गेली, तोही गेला. लष्करानं त्याला गाडी चालवायला शिकवली आणि ब्रह्मदेशाकडं धाडला.

लढाई संपल्यावर पुढच्या वर्षी तो परत आला. अंगानं धडधाकट, पण आईला वाटलं, निम्माच परत आलाय. नांगराला हात लावला की मन नांगरटीत नसे. माणसांत बसला तरी कुठं तरी दूर बघे. शेजारच्या घरात भांडं पडलं तर दचकून उभा राही. अधूनमधून हिवताप भरे. तो तिकडचाच, हाडात मुरलेला. कोयनेलच्या गोळ्या खाऊन घोंगड्याखाली कुडकुडत पडे, मग उतरे. एकदा रंगूबाईनं बघितलं, दारात बसल्या बसल्या त्याचा डावा हात मांडीपाशी मागं-पुढं होतोय.

"काय करतोस रं?"

"काय न्हाई आये. गेर टाकतोय," तो ओशाळून म्हणाला.

तिनं सोयरिकीचं बोलणं काढलं तर "बघू" एवढंच. ती धोंडुबाईला म्हणायची, "पोरगं आलं गं, पर हसू तिकडंच ठिवून आलं."

धोंडुबाई शेजारची, तोंडानं फटकळ, पण अडीअडचणीला पहिली धावणारी.

मग जीप आली.

आप्पासो म्हणून सांगलीकडचा लाकडाचा ठेकेदार होता. माधवनगरला त्याची वखार. लढाईनंतर लष्करानं गाड्या लिलावात काढल्या, त्यातली एक त्यानं घेतली होती. रस्ता नसला तरी चालणारी गाडी. तिचं त्याला लहान मुलासारखं कौतुक. वरच्या रानात सागवान किती आहे ते बघायचं आणि मित्रांना घेऊन शिकार करायची, म्हणून तो खालगावात येऊन उतरला. त्याला डोंगरातला वाहनचालक हवा होता. कुणीतरी अर्जुनाचं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी अर्जुना संध्याकाळी घरी आला तो शीळ घालत. हाताला तेलाचा वास, कपाळाला धूळ, आणि डोळ्यांत जुना पोरगा.

"आये, काय गाडी हाय! चारी चाकं वढत्यात. धोंड्यावर घाल, चिखलात घाल, म्हशीवानी निघती."

त्या रात्री तो दोन भाकरी जास्त जेवला. रंगूबाईनं देवीला नारळ बोलला. जीपगाडी कसली असते हे तिला ठाऊक नव्हतं, पण जिनं पोरगं परत आणून दिलं ती गाडी तिला चांगलीच वाटली.

आप्पासो माणूस वाईट नव्हता. वाडीत आला की वाकून बोले, रंगूबाईला आक्का म्हणे, तिच्या हातचं ताक पिई. "तुमचा पोरगा हिरा हाय आक्का. माझ्या गाडीचं काळीज त्याला कळतंय," असं म्हणे. जीप नदीच्या पात्रातून वर येई. गोट्यांवरून, वाळूतून, उथळ पाण्यातून खळखळाट करत उंबऱ्यापर्यंत यायची आणि तिथं अडायची. उंबरा माणसाच्या कमरेएवढा उंच, जीप चढेना. आणि आप्पासोला वरचं रान हवं होतं.

एका सकाळी डोहाकडून मोठा आवाज झाला. देवराईतली पाखरं एकदम उडाली. बायका धावत गेल्या तेव्हा उंबऱ्याच्या मध्याला भगदाड पडलेलं होतं. आप्पासोनं सुरुंग लावणारे गडी आणले होते. ते पहारींनी फुटका कातळ ओढून उतार करत होते. त्या खिंडारातून डोहाचं पाणी लोंढ्यानं खाली चाललं होतं. अर्जुना जीपला टेकून उभा होता. आईला बघून पुढं आला.

"घाबरू नगस आये. आता गाडी थेट वाडीत यील. कुनी आजारी पडलं, बाई अडली, तर शिराळ्याला न्यायला किती सोपं!"

"आन पानी रं?"

"पावसाळ्यात भरंल की."

"भरंल. पर धरून कोन ठेवनार?"

मागून आप्पासोनं हाक मारली, आणि अर्जुना वळून गाडी हाकायला बसला. जीप हुंकार देत खिंडारातून वर चढली. गडी ओरडले, टोप्या उडाल्या.

डोह दिवसागणिक खाली गेला. काठाचा चिखल उघडा पडला, मग भेगाळला. मासे उरलेल्या डबक्यात एकावर एक गोळा झाले. त्यांच्या पाठी पाण्याबाहेर आल्या. वाडीतल्या बायकांनी घागरींनी पाणी आणून त्या डबक्यात ओतलं. पण तसं पाणी आणायचं तरी किती आणि कुठून? डबक्यातून जीपची चाकं दिवसातून कितीदा तरी जात. वर तेलाचा तवंग आला. एका दुपारी रंगूबाई गेली तेव्हा मासे पांढरी पोटं वर करून पडले होते आणि घारी गोळा झाल्या होत्या. ती चिखलात उतरली, एक मासा हातात घेतला. त्याचं तोंड अजून हलत होतं. कोरड्या नदीतल्या आपल्या माहेराची तिला त्या क्षणी आठवण आली. तिथं मासे मरताना तिनं बघितले नव्हते, कारण तिथं मासे नव्हतेच.

वाडीचे पाटील नानासो म्हणाले, "वयनी, रान सरकारचं, नदी सरकारची. आपन कोन आडवनार?"

"पिनार आपन न्हवं?" ती म्हणाली. पण नानासो मान खाली घालून बसले. त्या काळात सरकारचं नाव निघालं की माणसं अशीच गप्प व्हायची. बेचाळीसच्या चळवळीपासून वाडीनं पोलिसांचे पुष्कळ दांडके खाल्ले होते.

घरात ती अर्जुनाशी बोलेनाशी झाली. ताट वाढी आणि बाहेर जाऊन बसे. तोही बोलेना. शीळ बंद झाली. आणि एका संध्याकाळी तो आला तो ताटावर बसेचना. अंगणात दगडावर बसून राहिला. ती जवळ गेली.

"काय झालं?"

तो जमिनीकडं बघत बोलू लागला. वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावर, गव्यांचा कळप होता. आप्पासोच्या मित्रांना बंदूक झाडायची घाई नव्हती. त्यांना गाडीनं पळवायचा होता. सड्यावर रान मोकळं, जीप वाऱ्यासारखी पळे. कळप पांगला. एक गाय मागं राहिली, कारण तिच्याबरोबर वासरू होतं. ते पळेना आणि ती त्याला सोडेना.

"मागची मानसं हसत हुती आये. 'थांबू नको, थांबू नको' म्हनत हुती. म्या थांबलो न्हाई. पळून पळून गाय उभ्या उभ्या पडली. तोंडातनं रगात आलं. गोळीबी घालावी लागली न्हाई."

"आन वासरू?"

"तिथंच उभं हुतं. आमी निघालो तवाबी."

रंगूबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. पुढं आयुष्यभर तिला त्या संध्याकाळची ही गोष्ट खुपत राहिली.

दुसऱ्या दिवशी अंधारातच ती त्याच्या आधी घरातून निघाली. उंबऱ्याच्या खिंडारात, जिथून चाकं जात तिथं, पदर डोक्यावर घेऊन बसली. उन्हं वर आली तसा खालून जीपचा आवाज आला. अर्जुना पहाटेच आडवाटेनं खाली जाऊन गाडी घेऊन आला होता. शेजारी आप्पासो, मागं ते मित्र. वळणावरून जीप दिसली, जवळ आली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तापलेल्या इंजिनाचा वास तिच्या नाकात गेला.

"आक्का, हे काय?" आप्पासो खाली न उतरताच म्हणाला. "ऊन लागंल. उठा."

"तुमी जावा आप्पासाब, पर चालत जावा. चालत जानाऱ्याला माझं काय बी म्हननं न्हाई."

"अहो, वरती माझी मानसं खोळंबलीत. अर्जुना, जरा समजाव तुझ्या आईला."

अर्जुना स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. आईकडं बघत नव्हता. मागचा एक जण कंटाळून म्हणाला, "अरे, घाल पुढं. थांबू नको. गाडी अंगावर आली की उठेल आपोआप."

रंगूबाईनं पोराच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्याचा रंगच उडाला होता. त्यानं हात खाली नेऊन गाडी बंद केली. मग उतरला, आईच्या शेजारी येऊन कातळावर बसला.

"मालक," तो म्हणाला, "माज्यानं हुनार न्हाई. आता न्हाई."

आप्पासोनं त्याच्याकडं खूप वेळ बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो नुसता म्हणाला, "बरं," आणि स्वतः अर्जुनाच्या जागी बसून जीप मागं वळवली.

त्याच दुपारी मायलेकांनी उंबरा बांधायला घेतला. आधी दोघंच होती. फुटलेल्या कातळाचे तुकडे खालून ओढून आणायचे, एकमेकांत बसवायचे, फटीत शाडू आणि गोटे ठोकायचे. दुसऱ्या दिवशी धोंडुबाई आली, तिनं घमेलं उचललं. मग तिचा नवरा. मग बायका, आणि सगळ्यांत शेवटी नानासो, कमरेचं धोतर वर खोचून.

अर्जुनानं ते काम असं केलं की बघत राहावं. भगदाड बुजवून तो थांबला नाही. उंबऱ्याच्या खाली पात्रातही त्यानं मोठमोठे धोंडे पहारीनं लोटून आणले. कुठं चाक घसरतं, कुठं गाडीचं पोट अडतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तो पात्रात आडवा पडून डोळा लावून बघे, मग उठून म्हणे, "हा जरा डावीकडं. आता ह्याच्यावरनं रनगाडा बी यायचा न्हाई." पुष्कळ दिवसांनी तो बोलत होता.

एकदा दोघं धोंड्याच्या सावलीला भाकरी खात होती. तो आपणहून म्हणाला, "आये, ब्रह्मदेशात एकदा आमची गाड्यांची रांग चालली हुती. वरनं इमानं. हुकूम हुता, काय बी झालं तरी थांबायचं न्हाई. फुडं चिखलात एक जन पडला हुता. आमचाच. हात वर करत हुता."

रंगूबाईचा घास हातातच राहिला.

"म्या थांबलो न्हाई," तो म्हणाला. "मला चाकाला लागलेलं कळलं. अजून कळतंय."

ह्या वेळी तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो लहान पोरासारखा तिच्या मांडीवर आडवा झाला आणि तसाच झोपला. उन्हं कलेपर्यंत ती हलली नाही. पाय बधिर झाले तरी हलली नाही.

उंबरा बांधून झाला. डोहात पाणी नव्हतं, पण पावसाची वाट बघायला आता अर्थ होता. आणि त्याच आठवड्यात अर्जुनाला ताप भरला.

नेहमीचा हिवताप म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. कोयनेलची गोळी दिली, घोंगडं घातलं. पण ह्या वेळी ताप उतरेना. दुसऱ्या दिवशी तो आईला ओळखेना. डोळे वर जाऊ लागले, दातखीळ बसू लागली. वैदूनं पाला वाटून दिला आणि बाहेर येऊन नानासोला सांगितलं, "डोक्यात चढलाय. इस्लामपूरच्या डागदराकडं न्हेलं तरच."

नानासोनं एका गड्याला खालगावात पिटाळलं. आप्पासो अजून तिथं मुक्कामाला होता. गड्यानं "अर्जुना" म्हणताच तो ताटावरून उठला, हातही न धुता जीपमध्ये बसला आणि पात्रातून निघाला. वेड्यासारखी गाडी हाकत तो उंबऱ्यापर्यंत आला. तिथं अर्जुनाचे धोंडे होते. त्यानं जीप ह्या बाजूनं घातली, त्या बाजूनं घातली. चाकं घसरली, पोट अडलं. धुरळा आणि रबराचा वास नुसता. शेवटी तो उतरून धोंड्यांवरून चढत ओरडत आला, "त्याला खाली आणा! मी हितं उभा हाय! लवकर आणा!"

वाडीतून घोंगड्याची झोळी करून, वेळूला बांधून गडी निघाले. पात्रात उतरता येईना. तिथं धोंडे रचलेले. रानातून पायवाटेनं आणायचं तर वाट एका माणसाची. करवंदीच्या जाळ्या झोळीला ओढत होत्या. पुढचा गडी थांबून कोयत्यानं फांदी तोडी, मग दोन पावलं, मग पुन्हा फांदी. वळणावर झोळी उभी धरावी लागे आणि आतून अर्जुना कण्हे. रंगूबाई झोळीचा काठ धरून चालत होती. तिच्या हातांवर काट्यांचे ओरखडे उठले होते. खाली उंबऱ्याशी जीपचं टप झाडांतून चमकताना तिला दिसत होतं. हाकेच्या अंतरावर होतं. आणि तिथं पोचायला दुपार उलटून गेली.

धोंड्यांवरून त्याला हातोहात खाली दिला. आप्पासोनं स्वतः त्याला कवेत घेतलं आणि जीपमध्ये ठेवलं. रंगूबाई मागं बसली, त्याचं डोकं मांडीवर. ती आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये बसत होती. आप्पासोनं गाडी सोडली. एकदा अर्जुनाचा डावा हात हलला, मांडीपाशी मागं-पुढं झाला.

"हां बाबा," ती म्हणाली, "चालव. चालव तू."

शिराळ्याच्या अलीकडं हात थांबला. तिला लगेच कळलं, पण ती बोलली नाही. गाडी तशीच पळत राहिली. बरंच पुढं गेल्यावर ती म्हणाली, "आप्पासाब, आता थांबवा."

आप्पासो रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. त्याला शिव्या द्याव्यात, त्याच्या तोंडावर नखं ओढावीत, असं तिला वाटत होतं, आणि त्यानं आपल्याला शिव्या द्याव्यात असंही वाटत होतं. त्यानं जीप वळवली.

वाडीत नेताना त्याला पुन्हा त्या धोंड्यांवरून न्यावं लागलं. गडी पायरी-पायरीला उभे राहिले आणि प्रेत एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात वर गेलं. रंगूबाई खाली उभी राहून बघत होती. ज्या धोंड्यावर पोरानं डोळा लावून "हा जरा डावीकडं" म्हटलं होतं, त्याच धोंड्यावर नानासोचा पाय घसरला आणि ती मोठ्यानं ओरडली. तोवर ती रडलीसुद्धा नव्हती.

पंधरवड्यानंतर धोंडुबाई तिच्या दारात येऊन बसली. तिला राहवत नव्हतं.

"रंगू, वाईट वाटून घेऊ नगस. पर लोक म्हनत्यात. वाट बंद केली नसती तर पोरगं डागदरापत्तुर पोचलं असतं."

"लोक म्हनत्यात ते मला म्हायती न्हाई व्हय?" रंगूबाई म्हणाली. "मी झोपंत बी तेच म्हनती."

त्या वर्षी पाऊस झाला, उंबरा टिकला, डोह भरला. पुढच्या उन्हाळ्यात नदी आटली तरी डोहात पाणी राहिलं आणि संध्याकाळी गवे पुन्हा पाण्यावर येऊ लागले. मासे मात्र दिसेनात. वाडीत बैठक बसली. नानासो अडखळत म्हणाले, "वयनी, गाव तुमच्या तोंडाकडं बघतंय. धोंडं काढायचं तर काढू. उद्या आनखी कुनावर अशी येळ आली तर? तुमी म्हनाल तसं."

रंगूबाईनं पदर सारखा केला.

"धोंडं काढू नका. काढलं तर एका मानसासाठी यक डाव गाडी यील, आन बाकी शंभर डाव दुसऱ्याच कामाला यील. डोह एकदा मेलेला बघितलाय म्या. पर रानातली वाट मोठी करा. चार गडी डोली घेऊन न थांबता उतरतील एवढी. ते म्या आधीच सांगाया पायजे हुतं. तवा सुचलं न्हाई मला."

"वाट करू," नानासो म्हणाले.

गडीमाणसांनी उन्हाळाभर खपून वाट मोकळी केली. पण सह्याद्रीतली वाट ती. एका पावसात करवंद, घाणेरी, वेली पुन्हा अंगावर येतात, दरड कोसळते, पायऱ्या वाहून जातात. दुसऱ्या वर्षी लोक आपापल्या सुगीत गुंतले. रंगूबाई गुंतली नाही. दिवाळी सरली की ती कोयता आणि खोरं घेऊन निघायची. वाडीकडून सुरुवात करून उंबऱ्यापर्यंत, आणि तिथून खालगावापर्यंत. हातभर रान साफ करायचं, दगड बसवायचे, पुढं सरकायचं. तिला कुणी मदतीला येऊ का म्हणून विचारलं नाही, आणि तिनंही कुणाला बोलावलं नाही. कधी धोंडुबाई भाकरी घेऊन यायची आणि शेजारी दगड उचलायला लागायची.

साताऱ्याचे दोन जिल्हे झाले त्या साली एक दुसरी जीप आली होती. शहरातली तरणी माणसं, डोक्याला रुमाल बांधलेली. उंबऱ्याशी अडली. रंगूबाई वरून वाटेनं उतरत होती. त्यातल्या एकानं विचारलं, "म्हातारे, वर गाडी जाईल असा रस्ता हाय का कुठं?"

"गाडीचा न्हाई. चालायचा हाय," ती म्हणाली. "लय चांगला हाय. या चालत."

ती माणसं हसली, जरा वेळ पाण्यात खडे मारत बसली आणि परत गेली.

आप्पासोनं वरच्या सागवानाचा नाद सोडला होता. पुढं जीपही विकली म्हणतात. एका माघात तो खालगावात उतरला आणि चालत वाडीकडं निघाला. अर्ध्या वाटेवर रंगूबाई जाळी तोडत होती. तो थांबला. तिनं त्याला ओळखलं, पण हातातलं काम ठेवलं नाही.

"आक्का," तो म्हणाला, "पानी मिळंल का?"

तिनं फांदीला टांगलेला तांब्या काढून दिला. तो प्यायला. मग कोट काढून झाडाच्या खुंटावर ठेवला आणि तिनं तोडलेल्या काटेरी फांद्या उचलून कडेला नेऊ लागला. त्याच्या मऊ हातांना काटे टोचत होते. तिनं बघितलं, पण थांबवलं नाही. ऊन उतरेपर्यंत दोघं अशीच काम करत राहिली. मग तो कोट घेऊन आला तसा खाली निघून गेला, आणि ती पुढच्या जाळीकडं सरकली.